टपालाचा प्रवास आणि संग्राह्य कागद

सिंध प्रांताचे कमिशनर बार्टल फ्रिअर यांनी १ जुलै १८५२ रोजी कराची येथे टपालाची तिकिटे प्रचारात आणली. आशिया खंडातील ही पहिली तिकिटे होत. अर्ध्या आण्याच्या या तिकिटांचा पहिला नमुना तांबड्या लाखेच्या पातळ चकतीवर ठसा उमटवून सिद्ध केलेला होता. दिसावयास तो देखणा होता. परंतु लाख ही जात्याच ठिसूळ. घोड्यावरून व उंटावरून जाणाऱ्या थैलीत पाकीट जरासे वाकले, की चकती तडकून तिचे तुकडे होत. थोड्याच अवधीत ही चकती मागे पडली आणि तिच्या जागी कागदावरील तिकीट आले. पुढे १८५४ साली सर्व हिंदुस्थानासाठी तिकिटे निघाली, तेव्हा सिंधमधील ही तिकिटेही बंद झाली. आज न फुटलेली तांबडी चकती जगातील अत्यंत दुर्मिळ तिकिटांत गणली जाते. पत्र पार पोचविण्यासाठी जन्मास घातलेले हे तिकीट स्वतःच पार पोचू शकत नव्हते, हे तिच्या दुर्मिळतेचे एक प्रमुख कारण होय.

त्या गोष्टीस पावणेदोनशे वर्षे होत आली. आता अशी जुनी तिकिटे स्वतःच माल होऊन टपालाने प्रवास करतात. त्यांच्याबरोबर जुने शिक्के उमटलेली पाकिटे, चित्रपत्रे, नकाशे, काडेपेट्यांवरील छापे, बोलपटांच्या गाण्यांच्या पुस्तिका आणि भिंतीवर लावावयाची जुनी देवादिकांची चित्रेही एका गावाहून दुसऱ्या गावी जात असतात. कोणी ती विकतो, कोणी अदलाबदल करतो, कोणी आजोबांच्या पेटीत सापडलेला संग्रह एखाद्या ग्रंथालयास देणगी म्हणून धाडतो. यांतील पुष्कळ वस्तूंच्या छपाईचे साचे नष्ट झालेले आहेत, छापखाने बंद पडलेले आहेत आणि उरलेल्या प्रती हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या आहेत. अशी वस्तू अर्धशतकभर पेटीत सुखरूप राहते आणि अखेरच्या चार दिवसांत, पाठविणाऱ्याने सद्‌हेतूने केलेल्या बांधणीमुळेच, कायमची बिघडते. हा बिघाड दैवाधीन मुळीच नसतो. त्याची कारणे पदार्थविज्ञानास व रसायनशास्त्रास चांगली ज्ञात आहेत, आणि त्यावरील उपाय बहुधा घरातल्या रद्दी पुठ्ठ्यातून साधण्याजोगे आहेत.

सर्वांत रूढ असलेला गैरसमज असा, की मऊ वेष्टन म्हणजे सुरक्षित वेष्टन. काचेच्या बरणीच्या बाबतीत हे खरे आहे. बरणी जड असते. ती पडली की तिचे स्वतःचे वजनच तिच्यावर आघात करते, म्हणून भोवती गवत, कापूस वा हवेचे फुगे असलेले प्लास्टिक घालून तो आघात सौम्य करावा लागतो. कागदाची गोष्ट अगदी निराळी आहे. लहान आकाराच्या टपाल तिकिटाचे वजन एका ग्रॅमच्या दहाव्या भागाइतकेही भरत नाही. असे तिकीट गच्चीवरून खाली टाकले तरी त्याला काहीही होणार नाही. कागदाचे शत्रू तीन : वाकणे, ओलावा आणि कडांवरील दाब. यांपैकी एकाशीही मऊ वेष्टनाचे वैर नाही. १९५७ साली अमेरिकेत दोन अभियंत्यांनी भिंतीला चिकटविण्याचा शोभेचा कागद म्हणून तयार केलेले ते फुग्यांचे प्लास्टिक आज घरोघर पोचले आहे. त्यात गुंडाळलेले जुने पाकीट कितीही उबदार वाटले तरी दोन बोटांनी ते सहज दुमडता येते. इतकेच नव्हे, तर वरून ओझे आल्यास गोल फुग्यांचे ठसे कागदाच्या गुळगुळीत पृष्ठावर उमटल्याची उदाहरणेही आहेत.

वाकण्याने नेमके काय घडते, हे थोड्याशा गणिताने ध्यानात येईल. कागद वाकला म्हणजे त्याची बाहेरची बाजू ताणली जाते आणि आतली आकसते. एक दशांश मिलिमीटर जाडीचा कागद पंचाहत्तर मिलिमीटर व्यासाच्या नळीभोवती गुंडाळला, तर बाहेरच्या पृष्ठावरील ताण त्याच्या लांबीच्या शेकडा एक अष्टमांशाइतकाच असतो. साधारण चांगला कागद शेकडा दोन ते पाच इतका ताणला गेल्यावर फाटतो. म्हणजे नळीवरील ताण त्याला किरकोळच. आता तोच कागद दुमडून घडी दाबली, तर वळणाची त्रिज्या कागदाच्या जाडीइतकी लहान होते आणि बाहेरच्या पृष्ठावरील ताण शेकडा तीसच्याही वर जातो. तेथील तंतू तुटतात, परस्परांपासून सुटतात. मागाहून वजनाखाली ठेवून घडी सपाट करता येते. पण तुटलेला तंतू पुन्हा जुळत नाही. तिरक्या उजेडात ती रेषा जन्मभर दिसत राहते.

सर्व कागद सारखेच नाजूक असतात असेही नाही. जुन्नरला किंवा दौलताबादजवळच्या कागजीपुऱ्यास हाताने केलेला चिंध्यांचा कागद लांब व चिवट तंतूंचा असल्यामुळे त्यावरील मोडी पत्रे अनेक घड्या सोसूनही टिकलेली आढळतात. उलट, लाकडाच्या लगद्यापासून यंत्रावर केलेल्या आणि तुरटी व राळ यांची खळ दिलेल्या कागदात कालांतराने आम्ल वाढत जाते. हे आम्ल सेल्युलोजच्या लांब साखळ्यांचे तुकडे पाडते, आणि कागदाची जी शक्ती सर्वांआधी नष्ट होते ती घडी सोसण्याची. दुसऱ्या महायुद्धाच्या कागदटंचाईत निघालेली एखादी गाण्यांची पुस्तिका पाहावयास धड असते. पण तिचा कोपरा एकदाच मागे वळला, की बिस्किटासारखा तुटून हाती येतो. ती पाठविताना ‘जरा वाकली तर वाकली’ अशी सूट देता येत नाही.

तेव्हा हवा असतो तो ताठपणा, आणि ताठपणाचा एक विलक्षण नियम आहे. एकाच प्रकारच्या पुठ्ठ्याची जाडी दुप्पट केली, तर वाकण्यास होणारा विरोध दुप्पट नव्हे, आठपट होतो. जाडी चौपट केली तर चौसष्टपट. कारण हा विरोध जाडीच्या घनाच्या प्रमाणात वाढतो. नालीदार पुठ्ठ्याची रचना याच नियमावर आधारलेली आहे. दोन पातळ कागदांच्या मध्ये नागमोडी कागद चिकटवून ते दोन्ही परस्परांपासून दूर ठेवलेले असतात, त्यामुळे वजन वाढल्यावाचून जाडीचा लाभ मिळतो. लोखंडी तुळईचा छेद इंग्रजी ‘आय’ अक्षरासारखा करण्यामागील तत्त्वही हेच. नालीदार कागदाचे पहिले पेटंट १८५६ साली इंग्लंडात उंच टोप्यांच्या अस्तरासाठी घेतले गेले, आणि १८७१ साली अमेरिकेत तो बाटल्या व दिव्यांच्या चिमण्या बांधण्याकडे वळला. आज वाण्याच्या दुकानाबाहेर पडलेले रिकामे खोके हे त्याचेच वंशज.

मात्र या पुठ्ठ्याचे एक मर्म आहे आणि बहुतेक बांधणी तेथेच फसते. तो नाळ्यांना समांतर अशा रेषेत अगदी सहज मोडतो. त्यांना छेद देणाऱ्या रेषेत मोडण्यास मात्र बराच जोर लागतो. पाठविणाऱ्याने वस्तूच्या खाली-वर दोन पुठ्ठे घातले, पण दोहोंच्या नाळ्या एकाच दिशेने ठेवल्या, तर ती जोडी त्या दिशेने एखाद्या पुस्तकासारखी मिटते. एका पुठ्ठ्याच्या नाळ्या उभ्या व दुसऱ्याच्या आडव्या ठेवाव्यात. म्हणजे एकाचे उणे दुसरा भरून काढतो. यासाठी अधिक पैसा लागत नाही की अधिक वजन होत नाही, फक्त एक पुठ्ठा काटकोनात फिरवावयाचा असतो. पाकिटावर तांबड्या शाईने ‘वाकवू नये’ असे ठळक अक्षरांत लिहून निश्चिंत होणारेही पुष्कळ आहेत. त्या शाईने पाकिटास ताठपणा येत नाही, एवढेच येथे नमूद करावेसे वाटते.

पुठ्ठा वस्तूएवढाच कापणे हीही एक नित्याची चूक. पुडके पडते ते बहुधा कोपऱ्यावर, आणि कोपरा चेपला जाणारच असे धरून चालावे. वस्तूच्या चारही बाजूंनी दोन सेंटिमीटर पुठ्ठा अधिक ठेवला, तर चेपेल तो पुठ्ठ्याचा कोपरा. अर्थात् वस्तू आत घसरत कडेला आली तर हे अंतर निरुपयोगी ठरते. म्हणून चार कोपऱ्यांवर कागदाचे लहान त्रिकोणी खिसे करून वस्तू मध्यभागी बसवावी; खिसे पुठ्ठ्याला चिकटवावेत, वस्तूला नव्हे. पाकिटांचे गठ्ठे सुतळीने बांधले जातात तेव्हा कडांना पडणारे काचे याच मोकळ्या किनारीवर थांबतात. टपालाची तिकिटे पाकिटाच्या वरच्या उजव्या कोपऱ्यात असतात आणि रद्द करण्याचा शिक्का हाताने मारावयाचा झाल्यास तेथे जोराने आपटला जातो, हेही लक्षात घेऊन तो कोपरा मोकळा राखलेला बरा. पूर्वी पार्सल मांजरपाटात शिवून शिवणीवर लाखेच्या मोहोरा उठविण्याची पद्धत होती. तिने फाटण्यापासून व चोरीपासून रक्षण होई, वाकण्यापासून नव्हे. नोंदणीचेही तसेच. भारतीय टपालखात्याची जुनी ‘रजिस्टर’ सेवा २०२५ साली स्पीड पोस्टमध्ये विलीन झाली. जुन्या वा नव्या, कोणत्याही नोंदीने पुडके कोठे आहे हे कळते, ते कोणत्या स्थितीत आहे हे कळत नाही.

ओलाव्याचा विषय अधिक गहन आहे आणि आपल्या देशात तो टाळता येण्यासारखा नाही. मे महिन्यातील जोधपूरची कोरडी हवा आणि जुलैतील मुंबईची वा कोचीची दमट हवा यांमध्ये टपालाचा प्रवास केवळ काही दिवसांचा. कागद हा जलशोषक पदार्थ आहे. सापेक्ष आर्द्रता शेकडा पन्नास असताना त्याच्या वजनात सुमारे सात टक्के पाणी असते. ती नव्वदीजवळ गेली की हे प्रमाण बारा-चौदा टक्क्यांवर जाते. पाणी शोषून तंतू फुगतात, पण सर्व दिशांना सारखे नव्हे. जाडीत ते पाचव्या हिश्शाने किंवा त्याहूनही अधिक वाढतात, लांबीत जेमतेम एखाद्या टक्क्याने. यंत्रावर केलेल्या कागदात बहुतेक तंतू एकाच दिशेने पडलेले असल्यामुळे सबंध पत्र्याचा एका अंगाने अधिक विस्तार होतो. तिकिटाच्या पाठीवर डिंक असतो. त्याचे फुगणे-आकसणे कागदाहून निराळे. म्हणून दमट हवेत तिकीट एका बाजूस आणि कोरड्या हवेत दुसऱ्या बाजूस वळते. वळलेल्या तिकिटावर ओझे पडले, की डिंकाचा थर तडकतो.

ओलाव्यापासून बचाव म्हणून वस्तू प्लास्टिकच्या पिशवीत घालून तोंड घट्ट बंद करण्याची चाल सर्वत्र आहे. ही सावधगिरी योग्य की अयोग्य, याचे उत्तर पिशवीत काय कोंडले गेले यावर अवलंबून आहे. तीस अंश सेल्सिअस तपमान व शेकडा ऐंशी आर्द्रता असलेल्या एक लिटर हवेत सुमारे चोवीस मिलिग्रॅम पाणी असते. पाण्याच्या एका थेंबाचाही तो अंशच. पण त्याच पिशवीत शंभर ग्रॅम पुठ्ठा असेल आणि तो पावसाळ्यात गॅलरीत पडून सर्दावलेला असेल, तर त्यात बारा-तेरा ग्रॅम पाणी दडलेले असते. म्हणजे धोका आहे तो हवेचा नव्हे, पुठ्ठ्याचा. पुडके दिवसा उन्हात तापते, पुठ्ठा वाफ सोडतो. रात्री गार होते, वाफ प्लास्टिकच्या आतल्या बाजूस दंव होऊन साठते आणि तेथे टेकलेल्या कागदास डाग पाडते. आर्द्रता शेकडा पासष्ट-सत्तरच्या वर फार काळ राहिली, की बुरशीची बीजे रुजू लागतात. भारतीय संग्राहकांच्या ओळखीचे ते तपकिरी ठिपके बरेचदा अशा बुरशीमुळे आणि कागदातील लोहकणांच्या गंजण्यामुळे उद्‌भवतात.

हेच गणित उलट दिशेने उपयोगी पडते. पुठ्ठे आधी नीट वाळविले, उबदार कपाटात किंवा सिलिका जेलच्या पुड्यांबरोबर डब्यात एक-दोन दिवस ठेवले, निवू दिले आणि मग पिशवी बंद केली, तर तेच शंभर ग्रॅम वाळलेले पुठ्ठे आत शिरणारा ओलावा पिऊन टाकणारे कोठार होतात. पॉलिथिनमधून बाष्प अगदी मंद गतीने आत येते. चार-सहा दिवसांच्या प्रवासात ते या कोठारास भारी पडत नाही. एकच पिशवी, एकच पुठ्ठा. पण कोरडा असता रक्षक आणि ओला असता भक्षक.

ज्या तिकिटांवर मूळचा डिंक शिल्लक आहे, त्यांच्याविषयी आणखी दक्षता हवी. दमट हवेत हा डिंक चिकट होतो आणि थैलीतील ओझ्याखाली तिकिटे परस्परांना जडतात. त्यांच्यामध्ये ग्लासिन नावाचा गुळगुळीत अर्धपारदर्शक कागद घालावा. काही जुनी तिकिटे तर पाण्याचा स्पर्शही सहन करीत नाहीत. जम्मू-काश्मीर संस्थानाची १८६६ पासूनची पुष्कळशी तिकिटे देशी कागदावर पाण्याच्या रंगांनी छापलेली होती. पाकिटातून झिरपलेला पावसाचा एक थेंब त्यांवरील रंग पुसून टाकावयास पुरेसा आहे.

प्लास्टिकमध्येही जाती आहेत. मऊ, वास येणाऱ्या पी.व्ही.सी.च्या खिशांतील मृदुकारक द्रव्य कालांतराने बाहेर पडते, शाईस चिकटते, आणि खुद्द पी.व्ही.सी. विघटन पावताना हायड्रोक्लोरिक आम्ल सोडते. प्रवासापुरते ते चालेल, पण पोचलेली वस्तू त्याच खिशात वर्षानुवर्षे पडून राहते हा अनुभव. पॉलिएस्टर किंवा पॉलिप्रॉपिलीन यांत हा दोष नाही. टाचणी व साधी लोखंडी चिमटी पावसाळ्यात गंजते. रबराचा पट्टा ओघळतो व त्यातील गंधक डाग पाडते. चिकटपट्टीने मात्र सर्वांवर कडी केली आहे. तिचा डिंक पिवळा पडून कागदात मुरतो, हे तर झालेच. पण कित्येकदा ती वस्तूच्या खिशाचे तोंड बंद करण्यासाठी लावलेली असते, आणि घेणारा वस्तू बाहेर ओढू लागला की खिशाच्या कडेस उरलेली चिकट पट्टी तिकिटाच्या छिद्ररेषेला धरते. शेकडो किलोमीटरचा प्रवास निर्विघ्न पार पडून अखेरच्या दोन सेंटिमीटरांत घात होतो. पट्टीचे टोक आत दुमडून मोकळे ठेवले आणि बाहेरील पुठ्ठ्यावर ‘येथे कापावे’ अशी रेघ ओढली, तर हा प्रसंग आणि उत्साही धारकऱ्याच्या पात्याने होणारा दुसरा प्रसंग, दोन्ही टळतात.

मोठी चित्रे नळीत घालून पाठविण्याची रीत आहे. वर केलेल्या गणिताप्रमाणे नरम व निरोगी कागदास रुंद नळी अपायकारक नाही. परंतु १८९४ साली मुंबईत सुरू झालेल्या व पुढे लोणावळ्याजवळ मळवलीस गेलेल्या रविवर्मा छापखान्यातील एखादे जुने तैलरंगी छापचित्र, विशेषतः त्यावर वार्निश असल्यास, नळीत घालू नये. कागद सोसतो तो वाक शतकभर वाळलेला रंग व वार्निश सोसत नाहीत. बारीक भेगा पडून पुढे खपल्या निघतात. अशी चित्रे दोन रुंद फळ्यांमध्ये सपाटच गेली पाहिजेत, मग टपालखर्च अधिक आला तरी.

पुडके भिजूनच पोचले तर काय करावयाचे, याचा एक बोध आल्प्स पर्वतातून मिळाला आहे. २४ जानेवारी १९६६ रोजी एअर इंडियाचे ‘कांचनजंगा’ हे विमान माँ ब्लाँ शिखरावर आदळले आणि डॉ. होमी भाभा यांच्यासह त्यातील सर्व ११७ माणसे मृत्युमुखी पडली. सेहेचाळीस वर्षांनी, ऑगस्ट २०१२ मध्ये, हिमनदीने त्या विमानातील भारत सरकारच्या परराष्ट्र व्यवहार खात्याची एक टपालथैली पृष्ठावर आणून टाकली. आतील वृत्तपत्रे व दिनदर्शिका ओल्या होत्या. पण वाचता येत होत्या. अशा अपघातांतून वाचलेली पत्रे संग्राहक आदराने जतन करतात, कारण तेथील जखम हाच इतिहासाचा पुरावा असतो. ढिल्या बांधणीने पडलेल्या घडीस तो मान मिळण्याचे कारण नाही. गोठलेल्या पाण्यात बुरशी वाढत नाही, तंतू सुटत नाहीत, शाई पसरत नाही. मोठी ग्रंथालये पुरात भिजलेली पुस्तके गोठवून ठेवतात ती याच कारणाने.

घरीही हे करता येते. भिजलेली तिकिटे वा पत्रे लगेच सोडविण्याचा मोह आवरावा, कारण ओला कागद आपल्या वजनानेही फाटतो. एक-दोन असतील तर टीपकागदाच्या घड्यांमध्ये हलकेच ठेवून टीपकागद वरचेवर बदलावा आणि पंख्याच्या सौम्य वाऱ्यात, उन्हात नव्हे, ती वाळू द्यावीत. गठ्ठा मोठा असेल व दोन दिवसांत वाळण्याचा संभव नसेल, तर पॉलिथिनमध्ये गुंडाळून बर्फाच्या कप्प्यात ठेवावा आणि पुढे सवडीने थोडा थोडा काढावा. डिंकाने परस्परांना जडलेल्या कोऱ्या तिकिटांसाठी झाकणाच्या डब्यात तळाशी ओला टीपबोळा ठेवून त्यावर जाळी टाकतात व तिकिटे जाळीवर ठेवतात, पाण्याशी त्यांचा स्पर्श होऊ देत नाहीत. काही तासांत बाष्पाने डिंक सैल झाला, की चपट्या चिमट्याने कोपऱ्यापासून हळूच उचलून पाहावे. कोपरा सहज उठला नाही, तर डबा पुन्हा झाकून आणखी वाट पाहावी.